पाऊस आधी मोजायचा, मग शिकवायचा

अगं, चौथी आणि सातवी असे दोन्ही वर्ग तुझ्याकडे आलेत आणि ‘हवामान कसं शिकवू’ म्हणून तू धास्तावली आहेस, हे ऐकून मला हसूच आलं. वाई तालुक्यातली शाळा, समोर पसरणीचा घाट, वर पाचगणी-महाबळेश्वर, आणि शाळा उघडणार ऐन जूनच्या मध्याला! याहून चांगली जागा आणि वेळ मागूनही मिळायची नाही. पुस्तकात तो धडा कितवा आहे ते सोड. पाऊस काही धड्यासाठी थांबत नाही, तूही थांबू नकोस.

माझं सांगणं एवढंच, की पोरांच्या हाती आधी आकडा येऊ दे, शब्द मागाहून. ‘बाष्पीभवन’, ‘सांद्रीभवन’, ‘आर्द्रता’ फळ्यावर लिहिले, वहीत उतरवून घेतले, घोकून घेतले, की चाचणीत पैकीच्या पैकी मिळतात. आणि ओल्या दप्तराचं पाणी गेलं कुठे विचारलं, की तीच पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. हे होऊ द्यायचं नसेल तर पहिल्याच आठवड्यात पर्जन्यमापक बसव.

विकतचा नको. कोल्ड्रिंकची दोन लिटरची, सरळ अंगाची बाटली घे. वरचा निमुळता भाग कापायचा आणि उलटा करून तिच्याच तोंडावर बसवायचा. झालं नरसाळं. नरसाळ्याचं तोंड आणि बाटलीचं अंग एकाच रुंदीचं असलं की हिशेबाची भानगड उरत नाही, साधी पट्टी लावून मिलिमीटर वाचता येतात. बाटलीचा तळ मात्र उंचसखल असतो. म्हणून तळाशी थोडे खडे टाक, अंग सरळ होतं तिथवर पाणी भर आणि त्या रेषेवर शून्य मांड. भोवती विटा लाव, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात बाटली शेजारच्या शेतात. आणि जागा बघून ठेव. इमारत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडायचं. व्हरांड्याच्या कडेला ठेवलीस तर पागोळ्यांचं पाणी मोजत बसशील.

वाचन सकाळी साडेआठला. ही वेळ मी मनाने सांगत नाही. हवामान खात्याची चोवीस तासांच्या पावसाची नोंद सकाळी साडेआठलाच होते. आपणही तीच पाळली की पोरांचा आकडा खात्याच्या आकड्याशेजारी मांडता येतो. तेव्हा तुमची शाळा भरलेली नसते, म्हणून शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या पोराकडे आठवड्याची पाळी दे. डोळा पाण्याच्या पातळीवर आणून वाचायचं, लिहायचं, पाणी ओतून पुन्हा शून्याला आणायचं. एखादा दिवस चुकला तर रकान्यात ‘नोंद नाही’ असं लिहायचं आणि दुसऱ्या दिवशीचा आकडा दोन दिवसांचा मिळून म्हणून दाखवायचा. अंदाजाने भरलेला आकडा मला एक वेळ मोठ्यांच्या फायलीत चालेल, पोरांच्या वहीत नाही.

चौथीच्या मुलांना मिलिमीटर हे प्रकरण फार किरकोळ वाटतं. दहा मिमी म्हणजे बोटाच्या पेराएवढंसुद्धा नाही! तिथे गणिताचा तास हवामानात घाल. एक चौरस मीटर जागेवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वर्गाचं छप्पर सहा मीटर बाय पाच मीटर धर. दहा मिमी पडला की छपरावर तीनशे लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर वीस हंडे. उन्हाळ्यात डोक्यावरून हंडे वाहिलेल्या मुली वर्गात असतीलच. हा हिशेब त्या तुझ्याआधी करतील बघ.

सातवीला याच्या पुढे ने. दिवसाला अडीच मिमी पडला तरच हवामान खातं तो ‘पावसाचा दिवस’ धरतं. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर गेला की अतिवृष्टी मानतात. पंचनामे, नुकसानभरपाई असल्या गोष्टी घरात ऐकलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांना हा आकडा लगेच कळतो. आणि मग त्यांना २६ जुलै २००५ सांग. त्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. भिंतीवर खडूने तेवढी उंची आखून एकेकाला शेजारी उभं कर. लगोलग सांग, की त्याच दिवशी त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३ मिमी झाला. मग पोरंच विचारतील, एका गावात इतका फरक कसा? उत्तर देण्याची घाई करू नकोस. तो प्रश्न त्यांच्या डोक्यात आठवडाभर राहिला तरी चालेल.

आता तुझ्या गावची खरी गंमत. ‘ढग सह्याद्रीला अडतात आणि पाऊस पडतो’ हे वाक्य तूही म्हटलंस, मीही म्हटलंय, पुस्तकंही म्हणतात. त्यातून पोरांच्या मनात चित्र उमटतं ते असं, की ढग डोंगरावर आदळतो, फुटतो आणि पाणी सांडतं. एकदा चित्रच काढायला सांग, दिसेल तुला. निम्म्या वह्यांत ढगाला टेंगूळ आलेलं असेल. हे चित्र मोडायला हवं, कारण ते तुझ्याच खिडकीतून खोटं ठरतं. जुलैत पाचगणीच्या कड्यावरून ढग वाईच्या बाजूला सरळ वाहत येताना दिसतात. ते अडलेले नाहीत, ओलांडून आलेत. तरी वाईत भुरभुर, आणि वर महाबळेश्वरला धो धो. का?

अडतो तो वारा, आणि अडल्यावर तो डोंगर चढतो. कोकणातून पोलादपूरकडून येणारी ओली हवा वर चढते. वर हवेचा दाब कमी, म्हणून ती पसरते, आणि पसरली की गार होते. हे पोरांच्या बोटाला दाखवता येतं. सायकलच्या ट्यूबची हवा सोडायची आणि बोट पुढे धरायचं. गार लागतं. हवा गार झाली की तिच्यातली वाफ थेंब होते, ढग दाट होतो, बरसतो. माथा ओलांडला की हवा वाईच्या बाजूला खाली उतरते, दाबली जाते, तापते, आणि ढगातले थेंब पुन्हा वाफ होऊन जातात. म्हणून ढग खाली येता येता विरळ होत नाहीसा होतो. दुपारी बारा वाजता रोज एकाने खिडकीतून कड्याकडे बघून ढग कुठवर आला आणि कुठे विरला ते वहीत रेखाटायचं. महिनाभरात पर्जन्यछाया हा शब्द तुला समजावून सांगावा लागणार नाही, फक्त सांगावा लागेल.

मग आकडे मांड. महाबळेश्वरचा वर्षाचा पाऊस साडेपाच हजार मिमीच्या घरात. तिथून तीसेक किलोमीटरवरची वाई हजारालाही पोचत नाही. आणखी पूर्वेला माण-खटावकडे गेलं की पाचशेच्या आसपास. सगळं एकाच सातारा जिल्ह्यात! महाबळेश्वरचा पाऊस पावसाळ्यात वर्तमानपत्रात येतो. तो रोज बाटलीच्या आकड्याशेजारी लिहून घे. माणमध्ये कुणा शिक्षिकेची ओळख असेल तर तिच्या वर्गालाही बाटली बसवायला सांग आणि शनिवारी फोनवर आकडे बदला. नकाशावरच्या रंगांपेक्षा ‘त्यांच्याकडे शून्य आणि आपल्याकडे अकरा’ हे पोरांना जास्त लागतं.

पहिली-दुसरीची लहानगी कधी तुझ्या वर्गात येऊन बसली तर त्यांना यातलं काही नको. अंगणातल्या डबक्याभोवती खडूने रेघ ओढायची, तासाने पुन्हा ओढायची. एक रुमाल उन्हात, एक सावलीत, एक पंख्याखाली. एवढ्यावर त्यांचा दिवस जातो.

चौथीला ढग करून दाखव. काचेच्या बरणीत थोडं गरम पाणी (ते तूच ओत, पोरांच्या हाती देऊ नकोस), वर बर्फ ठेवलेली ताटली. आत फारसं काही दिसत नाही. मग उदबत्तीचा थोडा धूर आत सोड आणि ताटली पुन्हा झाक. पांढुरका ढग दिसायला लागतो. वाफेला थेंब व्हायला धुळीचा, धुराचा, मिठाचा कण लागतो, हे त्यातून कळतं. आणि ‘ढग म्हणजे वाफ’ हेही तिथेच खोडून टाक. वाफ डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते पाण्याचे बारीक थेंब, फार उंचावर बर्फाचे कण.

सातवीत आणखी एक ठाम समजूत भेटेल. सूर्य जवळ आला की उन्हाळा, लांब गेला की हिवाळा. त्यावर भाषण नको. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, एवढंच सांग आणि गप्प बस. स्वेटर घालून बसलेली पोरं आपसांत भांडायला लागतात. आस कलल्याची गोष्ट त्या भांडणानंतर ऐकली जाते, आधी नाही.

खारे आणि मतलई वारे शिकवताना एका थाळीत माती आणि दुसरीत पाणी उन्हात ठेवून दोन्हींचं तापमान मोजायचा प्रयोग चांगलाच आहे. पण तो मोसमी वाऱ्यांना जसाच्या तसा चिकटवू नकोस. नुसती तापलेली जमीनच पाऊस ओढत असती, तर सर्वांत जास्त पाऊस मेमध्ये पडला असता. सातवीला एवढी शंका पेरलीस तरी पुरे.

‘हवामान खातं खोटं बोलतं’ हा विनोद वर्गात येणारच. हसून सोडून देऊ नकोस, त्याचा तक्ता कर. कालचा इशारा हिरवा, पिवळा, नारिंगी की लाल, आणि आज बाटलीत किती. इशारा जिल्ह्याला असतो, बाटली एका अंगणात, हे कुणीतरी पोर आपणहून बोलून दाखवेल. त्याच तक्त्यात आजीचा रकाना ठेव. मृगाचं वाहन कोणतं, हस्ताचं कोणतं, बेडूक-म्हैस-हत्ती म्हणजे भरपूर पाऊस असं घरी म्हणतात, ते लिहायचं आणि समोर मोजलेला पाऊस. मला विचारशील तर वाहनांवर माझा विश्वास नाही. पण नक्षत्रं हे शेतीचं जुनं कॅलेंडर आहे. मृग ७-८ जूनला लागतो आणि पेरणीची बोलणी त्याच्याच भोवती होतात. आजीला वर्गात अडाणी ठरवायचं नाही. तिचं म्हणणंही त्याच पट्टीने मोजायचं, बस्स.

विजेचा धडा मात्र प्रयोगाचा नाही, जीव वाचवायचा आहे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीनने भागायचं, तेवढे किलोमीटर. हे मोजायचं ते वर्गात बसून. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर मैदान सोडायचं आणि पक्क्या इमारतीत जायचं, झाडाखाली मुळीच नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अॅप पालकांच्या फोनवर घालून दे. गुरं चारायला जाणाऱ्या पोरांच्या घरी आधी.

आणि मुलींना अॅना मणी सांग. केरळात जन्मलेल्या, १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झालेल्या बाई. परदेशातून आणावी लागणारी हवामानाची उपकरणं आपल्याकडे बनावीत म्हणून त्या झटल्या, जवळपास शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले. पर्जन्यमापक बसवून झाल्यावर सांगशील तर त्या कामाची किंमत कळेल. सहल पुण्याला गेली तर शिवाजीनगरचं सिमला ऑफिसही दाखव. खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, त्यावरून पडलेलं नाव आहे ते.

मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेव, की ही वही तपासणीसाठी नाही. तिच्यावर लाल शाई चालवायची नाही, सुंदर हस्ताक्षरात पुन्हा उतरवून घ्यायची नाही, ओली झाली तर ओली. आणि रविवारचं वाचन कोण घेणार ते शनिवारी शाळा सुटायच्या आत ठरव, नाहीतर सोमवारी सकाळी बाटलीत दोन दिवसांचा पाऊस सापडेल.