पाहुण्यांचं वायफाय वेगळं, गटाचं वेगळं



लॅपटॉपच्या सुरक्षिततेचा विषय बैठकीत काढला की कोणीतरी हमखास म्हणतं, "आमच्याकडे चोरूक काय आसा?" म्हणून आधी गटाच्या लॅपटॉपमध्ये काय काय असतं ते आठवूया. सभासदांच्या आधार आणि पासबुकच्या प्रती, मोबाइल नंबर, कोणी किती कर्ज उचललं, कोणाचा हप्ता थकला, ठराव, सह्या, अंगठे. कोण विधवा, कोण एकटी राहते, हेही योजनांच्या अर्जांमुळे त्यातच येतं. देवबाग-तारकर्लीला निवास-न्याहारी चालवणाऱ्या तायांकडे पर्यटकांच्या ओळखपत्रांच्या प्रतीही असतात. यात आपलं स्वतःचं थोडं. बाकी सगळं दुसऱ्यांनी विश्वासाने दिलेलं. २०२३ साली देशात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, तो अशाच माहितीसाठी.

ही माहिती बाहेर जाण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. आज दोनच घेऊ, वायफाय आणि दुरून जोडलेला लॅपटॉप.

वायफायचं जाळं घराच्या भिंतीशी थांबत नाही. चिऱ्याच्या जाड भिंती त्याला थोडं अडवतात, म्हणून तर पाहुण्यांच्या खोल्यांत रेंज जावी यासाठी आपण राउटर ओटीवर लावतो. मग ते अंगणात, माडांखाली, पार रस्त्यापर्यंत जातं. पासवर्ड भिंतीवर लिहिलेला, बहुतेक वेळा घराचं नाव आणि पुढे १२३. गेल्या दोन हंगामांत येऊन गेलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या मोबाइलमध्ये तो अजून आहे. आणि त्याच वायफायवर संध्याकाळी आपण गटाचा हिशोब भरतो.

यात धोका नेमका कुठे? बँकेच्या साइटवर जाणारी माहिती वाटेत कुलूपबंद असते, ती सहज वाचता येत नाही. पण एकाच वायफायवरची यंत्रं एकमेकांना दिसू शकतात. दुसऱ्या लॅपटॉपवर फाइल पाठवायला म्हणून आपण एखादं फोल्डर 'शेअर' केलं आणि त्याला पासवर्ड लावला नाही, तर ते शेजारच्या खोलीतल्या लॅपटॉपवरूनही उघडू शकतं. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच असेल, तर आत आलेला माणूस राउटरच आपल्या ताब्यात घेऊ शकतो.

दुसरा धोका पोलिसांच्या फेऱ्यांचा. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. माग काढला तर तो निघाला नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटमधून. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाचं वायफाय उघडं होतं आणि ते दुसऱ्याच कोणी वापरलं होतं. पण चौकशी आधी त्याची झाली, संगणक त्याचे जप्त झाले. त्याच वर्षी असेच ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले. पुढे जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी रस्त्यावर फिरून उघडी वायफाय शोधायची मोहीम काढली. आज उघडं वायफाय क्वचितच दिसतं, पण सगळ्या गावाला माहीत असलेला पासवर्ड त्याहून फार वेगळा नाही.

"पावण्यांका नाय कसा म्हणूचा?" हा प्रश्न रास्त आहे. नाही म्हणायची गरजच नाही. बऱ्याच नव्या राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' अशी सोय असते. म्हणजे एकाच राउटरची दोन दारं. पाहुण्यांचं दार वेगळ्या नावाचं, वेगळ्या पासवर्डचं. तिथून इंटरनेट मिळतं, पण आपला लॅपटॉप दिसत नाही. राउटरच्या मागे चिकटवलेल्या कागदावर त्याच्या सेटिंगचा पत्ता असतो. फायबर जोडायला येणाऱ्या मुलाला समोर बसवून हे करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. त्याच बैठकीत सेटिंगचा पासवर्ड बदला, सुरक्षेचा प्रकार 'डब्ल्यूपीए २' किंवा 'डब्ल्यूपीए ३' आहे ना ते बघा आणि 'डब्ल्यूपीएस' बंद करा. मुख्य पासवर्ड लांब हवा. चार-पाच असंबद्ध शब्द जोडले तरी चालतं: सोलकढी, होडी, चष्मा, गुरुवार. (हेच चार मात्र नकोत, ते आता सगळ्या वाचकांना कळले!) गेस्टचा पासवर्ड हंगाम संपला की बदलायचा.

राउटर जुना असेल, तर गटाचं काम स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करा. पावसाळ्यात लाइन गेली की आपण तसंही तेच करतो. बाहेरच्या कुठल्याही वायफायला जोडताना लॅपटॉप विचारतो, इतर यंत्रांना दिसायचं का? तिथे 'नाही' म्हणा किंवा 'पब्लिक' निवडा.

एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर हिशोब पाठवायचा, तर एक्सेलच्या फाइललाच पासवर्ड लावता येतो: फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक. फाइल व्हॉट्सअॅपवर गेली तर पासवर्ड फोन करून सांगायचा. गटाची पेटी एकीच्या घरी आणि चावी दुसरीच्या, तसंच हे.

आता दुरून जोडण्याचं. हिशोबाचं सॉफ्टवेअर अडलं की कोणी म्हणतं, 'एनीडेस्क' किंवा 'टीमव्ह्यूअर' टाका आणि आकडा सांगा. ही अॅप वाईट नाहीत, पण आकडा सांगून परवानगी दिली की समोरचा आपल्या लॅपटॉपसमोर बसल्यासारखाच असतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या नावानेच बँकांना सावध केलं होतं, कारण ग्राहकांच्या मोबाइलवर ते टाकायला लावून खात्यातले पैसे काढले जात होते. तेव्हा फोन आपण करायचा, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. समोरून 'बँकेतून बोलतोय, अॅप टाका' आलं तर फोन ठेवून द्या. बँक असं कधीच सांगत नाही. जोडण्याआधी बँकेची साइट, व्हॉट्सअॅप वेब आणि सभासदांची फोल्डरं बंद करा. काम होईपर्यंत जागेवरून उठू नका, चहा ठेवायलासुद्धा. आणि संपल्यावर अॅप पूर्ण बंद करून 'अनअटेंडेड अॅक्सेस' चालू राहिलेलं नाही ना ते बघा. ते चालू असलं तर आपण तिथे नसतानाही तो आत येऊ शकतो. माझं मत विचाराल तर काम झालं की अॅप काढूनच टाका.

शंका आलीच तर आधी वायफाय बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर लगेच तक्रार नोंदवा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणि ज्या सभासदांची माहिती त्या लॅपटॉपवर होती, त्यांना त्याच दिवशी सांगा, म्हणजे त्या आपलं आधारचं बायोमेट्रिक लॉक करू शकतील.