दहा म्हणायचे, अठरा मोजायचे

प्रश्न : माझी पुतणी अमेरिकेत शिकते. तिथे कॉलेजांच्या हॉकीच्या ‘कॉन्फरन्स’ असतात आणि नवी कॉन्फरन्स निघाली की तिचं नाव काय ठेवायचं यावर बराच खल होतो, असं ती सांगते. हॉकीची कॉन्फरन्स म्हणजे नेमकं काय? आणि नावात एवढं डोकं घालण्यासारखं काय असतं? उद्या आमच्या तुमसर, मोहाडी, तिरोडा भागातल्या महाविद्यालयांनी मिळून हॉकीची साखळी स्पर्धा काढायची म्हटली, तर तिला नाव काय द्यावं?
(एक वाचक, तुमसर)

उत्तर : कॉन्फरन्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे छातीवरचा बिल्ला, हातातली फाईल आणि दुपारचं जेवण येतं. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळात मात्र या शब्दाचा अर्थ ‘गट’ एवढाच. काही कॉलेजं एकत्र येतात, हंगामभर आपापसांत सामने खेळतात, आपला विजेता ठरवतात आणि तो पुढे राष्ट्रीय स्पर्धेत जातो. तुमच्या पुतणीची हॉकीही बहुधा बर्फावरची. तिथे नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की तीच. आपली हॉकी त्यांच्या लेखी ‘मैदानी हॉकी’.

आपल्याकडे असे गट नकाशावरून पडतात. तुमसरचं महाविद्यालय नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतं, विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागात जातो, तिथून अखिल भारतीय स्पर्धेत. कोणी कोणाशी खेळायचं हे वरून ठरलेलं असतं. अमेरिकेत मात्र कॉलेजं आपले सोबती स्वतः निवडतात, पटलं नाही तर गट सोडतात आणि नवा मांडतात. नवं घर मांडलं की दारावर पाटी लागतेच, म्हणून नावाची चर्चा.

पाटीवर आकडा घालायचा मोह पहिल्यांदा होतो. ‘बिग टेन’ ही तिथली जुनी, नामांकित कॉन्फरन्स. नावाप्रमाणे तिच्यात दहा विद्यापीठं होती. 1990 साली अकरावं आलं. नाव बदलवेना, म्हणून नव्या बोधचिन्हात ‘टेन’च्या टी या अक्षराच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेत 11 हा आकडा दडवला. ज्याला दिसला त्याला दिसला. पुढे बारा झाली, चौदा झाली, आणि 2024 पासून अठरा आहेत. नाव अजून ‘दहा’च. मधल्या काळात तर ‘बिग टेन’मध्ये बारा आणि ‘बिग ट्वेल्व्ह’ नावाच्या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये दहा, अशी अदलाबदल दोन-तीन वर्षं चालली होती. हॉकीची तऱ्हा आणखी वेगळी. ‘बिग टेन’ने 2013 मध्ये हॉकी सुरू केली तेव्हा खेळणारे संघ होते सहा.

हसू नका, आपल्या मुंबईतही हेच झालं आहे. तिथले गाजलेले क्रिकेट सामने आधी युरोपियन आणि पारशी यांच्यात होत. 1907 मध्ये हिंदू संघ आला आणि ते तिरंगी झाले. 1912 मध्ये मुस्लिम संघ आला, चौरंगी झाले. नागपूरचे सी. के. नायडू 1916 मध्ये पहिल्यांदा चमकले ते याच चौरंगीत. 1937 मध्ये पाचवा संघ घेतला आणि सामने पंचरंगी झाले. पण त्याच वर्षी नव्या ब्रेबॉर्न स्टेडियममधल्या जागावाटपावरून हिंदू संघाने माघार घेतली. म्हणजे नाव पंचरंगी झालं त्या पहिल्याच वर्षी मैदानात उतरले चार संघ! आणि त्या पाचव्या संघाचं नाव काय, तर ‘द रेस्ट’. म्हणजे ‘बाकीचे’. विजय हजारे या बाकीच्यांकडून खेळायचे. त्यांच्यासारखा फलंदाज ज्या संघात, त्याला ‘बाकीचे’ म्हणायचं! हाका मारून झाल्यावर जे उरले ते, अशी ज्याची ओळख, त्याच्या नावाने प्रेक्षक ओरडणार तरी काय?

आकडा नको म्हटलं तर दिशा सुचते. अमेरिकेत 2024 पर्यंत ‘अटलांटिक हॉकी’ नावाच्या गटात कोलोरॅडोतली वायुदलाची अकादमी खेळायची. कोलोरॅडोचा आणि अटलांटिक समुद्राचा संबंध आपल्या भंडाऱ्याचा आणि अरबी समुद्राचा आहे तेवढाच. पण दिशांच्या बाबतीत आपण त्यांच्याही पुढे आहोत. तुमचंच बघा. तुमच्या विद्यापीठाचा संघ खेळतो पश्चिम विभागात. विदर्भाचे क्रिकेटपटू दुलीप करंडकात खेळतात मध्य विभागाकडून. नागपूरचं सांस्कृतिक केंद्र आहे ‘दक्षिण मध्य क्षेत्रा’चं. तुमसर रोडला थांबणारी गाडी ‘दक्षिण पूर्व मध्य’ रेल्वेच्या रुळांवर उभी असते. तुमसर जागचं हललेलं नाही, तरी ते एकाच वेळी पश्चिमेला, मध्यात, दक्षिणेला आणि पूर्वेला आहे. दिशेचं नाव गावाबद्दल फार काही सांगत नाही. नाव ठेवणारा कुठे बसला होता, ते सांगतं.

तिसरी वाट थोरांच्या नावाची. आदर त्यात असतोच, पण जीभ आपला हिशेब वेगळा ठेवते. 1923 मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला 2005 मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. प्रमाणपत्रावर ते पूर्ण छापलं जातं. बोलताना मात्र ‘नागपूर विद्यापीठ’ नाहीतर ‘आरटीएमएनयू’. ज्यांनी गावोगाव साध्या भाषेत भजनं म्हटली, त्यांच्या नावाची शेवटी इंग्रजी अक्षरं झाली. खेलरत्न पुरस्काराला 2021 मध्ये मेजर ध्यानचंद यांचं नाव दिलं. हॉकीवाल्यांना याहून मोठा आनंद नाही, तरी पुरस्कार मिळाल्यावर खेळाडूच्या घरचे म्हणतात, ‘खेलरत्न मिळालं.’ लांब नावाला लोक कात्री लावतातच. कुठून कापतील, हे नाव ठेवणाऱ्याच्या हातात नसतं.

ती कात्री आधीच ओळखून वागल्याचं उदाहरण तुमच्या तालुक्यातच आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी चालवणारी कंपनी 1962 पासून ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’ होती. खाणीत कामाला जाणारा कोणी हे नाव घेत नसे, सगळ्यांच्या तोंडी ‘मॉयल’. 2010 मध्ये कंपनीने अधिकृत नावच ‘मॉयल लिमिटेड’ करून टाकलं. लोकांनी घासून गुळगुळीत केलेलं नाव कागदावर चढलं.

असंच शहाणपण हॉकीतही दिसतं. 2013 मध्ये ‘बिग टेन’ची हॉकी सुरू झाली तेव्हा तिकडच्या दोन जुन्या गटांची मोडतोड झाली. ‘सेंट्रल कॉलेजिएट हॉकी असोसिएशन’ तर बंदच पडली. काही वर्षांनी दुसऱ्या गटातून सात कॉलेजं बाहेर पडली आणि त्यांनी नवा संसार मांडला. नवं नाव शोधता आलं असतं, पण त्यांनी 1971 पासूनचं तेच बंद पडलेलं नाव उचललं आणि 2021 मध्ये त्याच पाटीखाली खेळ सुरू केला. आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसं. लोकांच्या ओठांवर ते आधीच बसलेलं होतं.

आता तुमच्या स्पर्धेकडे येतो. आकडा घालू नका. पुढच्या वर्षी आणखी एक महाविद्यालय आलं की फलक पुन्हा रंगवावा लागेल. जिल्ह्याचं नाव घालतानाही विचार करा. 1999 पर्यंत तुमसर आणि तिरोडा एकाच भंडारा जिल्ह्यात होते. मग गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तिरोडा तिकडे गेला. नुसतं ‘तुमसर’ म्हणाल तर मोहाडी-तिरोड्याचे ‘बाकीचे’ होतील. देव्हाडीच्या लोकांना विचारा. स्टेशन त्यांच्या गावात, पिवळ्या पाटीवर नाव मात्र ‘तुमसर रोड’. वरठीकरांचंही तेच, त्यांच्या स्टेशनावर ‘भंडारा रोड’.

माझं मत विचाराल तर ‘वैनगंगा हॉकी साखळी’. तिरोड्याहून येताना माडगीजवळ गाडी पुलावर चढली की जी दिसते, ती नदी दोन्ही जिल्ह्यांची आहे. जिल्हा तुटला तरी ती तुटली नाही. चार अक्षरांचं नाव जर्सीच्या छातीवर एका ओळीत मावतं आणि मैदानाच्या कडेने ओरडायलाही बरं. फलक लिहिण्याआधी एवढी परीक्षा जरूर घ्या. नाव कागदावर वाचू नका, दोन मुलांना मैदानाच्या दोन टोकांना उभं करा आणि ओरडायला लावा.

आणि पुढे कधी वर्धेकडची महाविद्यालयं येऊन मिळाली, तर दोन नावं जोडून गाडीच्या डब्यांसारखी लांबण लावू नका. 2024 मध्ये ‘अटलांटिक हॉकी’ आणि ‘कॉलेज हॉकी अमेरिका’ एक झाल्या, तेव्हा त्यांनी ‘अटलांटिक हॉकी अमेरिका’ असं दोन्हींचं ठिगळ जोडलं. तुम्ही नदीला विचारा. गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना मिळतात. तिथून पुढे पाणी दोघींचं, नाव मात्र प्राणहिता.