अभ्यास-पाठ : माथ्यावर न जाता (उलुरूची फेरी)



प्रदक्षिणा आपण नेहमीच घालतो. देवळात, तुळशीभोवती, औदुंबराभोवती. पण "ही का घालायची?" असं घरातल्या नातवंडाने विचारलं तर आपल्याला पटकन सांगता येतं का? आज त्यासाठी एक दूरचं उदाहरण घेऊ.

*जागा*
ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी तांबड्या मातीचं वाळवंट आहे. अॅलिस स्प्रिंग्ज गावापासून रस्त्याने साधारण 450 किलोमीटरवर, सपाट जमिनीतून एक भलामोठा खडक वर आलेला दिसतो. तो उलुरू. उंची 348 मीटर, घेर 9 किलोमीटरहून जास्त. हा दगड आतून करडा आहे. त्यातल्या लोखंडाला हवा-पाण्याने गंज चढतो, म्हणून बाहेरून तो लाल दिसतो. सूर्य उगवताना-मावळताना तर निखाऱ्यासारखा.

*माणसं*
अनंगू हे इथले मूळ रहिवासी. हजारो वर्षं त्यांचं या खडकाशी नातं आहे. इथली प्रत्येक घळ, गुहा, भेग त्यांच्या पूर्वजांच्या कथांशी जोडलेली. 1873 साली एका गोऱ्या सर्वेक्षकाने खडकाला एअर्स रॉक असं नाव दिलं. पुढे पर्यटक आले, 1964 मध्ये वर चढायला साखळी बसवली गेली. अनंगू म्हणत, कृपा करून चढू नका. चढणाऱ्यांची रांग पाहून ते त्यांना 'मिंगा' म्हणत, म्हणजे मुंग्या!

चढताना आजवर 35 हून अधिक माणसं दगावली. त्याचं दुःख अनंगूंनाही झालं. आपल्या भूमीवर आलेला पाहुणा ही आपली जबाबदारी, असं ते मानतात.

26 ऑक्टोबर 1985 रोजी ही जमीन अनंगूंना परत मिळाली. तरी चढाई लगेच बंद झाली नाही. ते विनंती करत राहिले, थांबले. शेवटी 34 वर्षांनी, त्याच तारखेला, 26 ऑक्टोबर 2019 रोजी ती कायमची बंद झाली. किती हा धीर!

*वाट*
आता लोक पायथ्याने फिरतात. पूर्ण फेरी सुमारे 10.6 किलोमीटर, साडेतीन तासांची. वाट जवळजवळ सपाट. सकाळी माला वाहनतळापासून निघून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जायला सांगतात. म्हणजे खडक आपल्या उजव्या हाताला! वाटेत कांजू घळ, मुटिजुलूचं पाणी, गुहांमधली जुनी चित्रं.

मुलांकडे मेलबर्न-सिडनीला जाणाऱ्या मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं :
• उन्हाळ्यात (तिथला डिसेंबर ते फेब्रुवारी) पहाटे निघा, अकराच्या आत परत या. उन्हात तासाला 1 लिटर पाणी लागतं.
• टोपी हवीच. माश्या फार, तोंडावर घ्यायची जाळी मिळते ती घ्या.
• गुडघे दुखत असतील तर पूर्ण फेरीचा हट्ट नको. माला किंवा मुटिजुलूची छोटी वाट करा.
• काही जागी 'फोटो काढू नका' अशा पाट्या आहेत. ग्रुपवर टाकायलासुद्धा काढू नका.
• दगड उचलू नका. नर्मदेचा गोटा देवघरात आणायची आपली सवय इथे चालणार नाही. नेलेले दगड कित्येक जण माफीची चिठ्ठी लिहून टपालाने परत पाठवतात.
• नारळ, हळद-कुंकू काही वाहू नका. ती जागा त्यांची आहे, श्रद्धा त्यांची आहे. आपण तिला आपल्या देवाचं नाव द्यायचं नाही.

*बोध*
आदर म्हणजे आपल्या पद्धतीने पूजा करणं नव्हे. समोरच्याला जे जपायचं आहे ते आपणही जपणं. अनंगूंच्या काही कथा बाहेरच्यांना सांगतच नाहीत. मग त्या विचारायच्या नाहीत. सगळं आपल्याला कळलंच पाहिजे, हासुद्धा एक अहंकारच.

दुसरं असं की, माथ्यावर उभं राहिलेल्याला दूरवरचं सगळं दिसतं, फक्त उलुरू दिसत नाही. तो पायाखाली गेलेला असतो. भोवती फिरणाऱ्याला मात्र पावलोपावली त्याचं नवं रूप दिसतं. एका बाजूने गुळगुळीत, दुसरीकडे खाचाखोचांचा. इथे रखरखीत, तिथे सावलीत पाणी. एका जागेवरून पूर्ण दिसत नाही म्हणून तर फेरी मारायची. नातवंडाच्या प्रश्नाचं एक उत्तर इथे मिळतं.

घरातल्या माणसांचंही तसंच आहे ना? सासूबाई, सून, भाऊ... एकाच बाजूने पाहून आपण मत करून टाकतो.

*घरी बोलण्यासाठी*
1. "करू नका" अशी कुणी नम्र विनंती केली आणि नियम मात्र आड येत नसेल, तर मी काय करतो?
2. घरातल्या कोणत्या माणसाची दुसरी बाजू मी अजून पाहिलेली नाही?
3. या आठवड्यात एक प्रदक्षिणा, न बोलता, मोबाईल घरी ठेवून घालू या का?

मुलांना तिसरा प्रश्न आधी विचारा. उत्तरं ग्रुपवर जरूर लिहा.