धाव आणि रिम

सतरा इंची चाकं घेण्याआधी मी वहीत सगळा हिशेब मांडला होता, म्हणूनच ती चूक आजही सलते. माझ्या स्विफ्टला कंपनीचा टायर 185/65 आर 15. यातली टायरची भिंत रुंदीच्या 65 टक्के, म्हणजे 120 मिलिमीटर. अशा दोन भिंती आणि मधली 15 इंची रिम धरून बाहेरचा व्यास भरतो साधारण 621 मिलिमीटर. मला हवा होता 205/45 आर 17; त्याचा व्यास 616. फरक एक टक्क्याच्या आत. स्पीडोमीटर बरोबर दाखवणार, गिअरची चाल तीच राहणार, शिवाय टायर 20 मिलिमीटर रुंद. मी खूश झालो. गणितात चूक नव्हती, पण मोजायची होती ती गोष्ट मी मोजलीच नव्हती.

ती म्हणजे भिंत. 120 ची झाली होती 92. दगड आणि रिम यांच्यामधली 28 मिलिमीटरची गादी मी स्वतःच्या हाताने काढून टाकली होती.

ऑटोक्रॉसच्या टायरबद्दल मी वाचलेला सल्ला होता अमेरिकेतल्या लोकांचा. तिकडे ऑटोक्रॉस म्हणजे गुळगुळीत डांबरी किंवा काँक्रीटच्या मैदानावर शंकू मांडून केलेली शर्यत. तिथे रुंद, ठेंगणा, मऊ रबराचा टायर खरोखरच वेळ वाचवतो. आपल्याकडे बहुतेक वेळा ऑटोक्रॉस होते ती मातीत, माळावर, मुरमात, आणि पावसाळ्यात चिखलात. खेळाचं नाव एकच, पण चाकाखालची जमीन वेगळी. हे मला आधीच समजायला हवं होतं, कारण सोलापुरात जमीन बघून अवजार निवडण्यातच आमच्या पिढ्या गेल्या आहेत.

चाकं बसवून शर्यतीसाठी पुण्याकडे निघालो. मोहोळ ओलांडलं, वेग नव्वदच्या पुढे गेला आणि स्टिअरिंग थरथरू लागलं. बॅलन्सिंग नीट होतं. दोष होता चाकाच्या मधल्या भोकाचा. स्विफ्टचा हब 54.1 मिलिमीटरचा. बाजारातल्या अलॉयचं भोक बऱ्याच गाड्यांना चालावं म्हणून मोठं ठेवतात, आणि मधली फट भरायला कडं लागतं. ते कडं घातलेलंच नव्हतं. चाक फक्त चार नटांच्या भरवशावर मध्यभागी धरलेलं होतं. कडं चारशे-पाचशे रुपयांत येतं. दुकानदार विसरला असेल, पण विचारायचं काम माझं होतं.

शर्यतीत तिसऱ्या वळणावर पुढचं डावं चाक मातीत अर्धवट पुरलेल्या दगडावर गेलं. आवाज मोठा नव्हता. रिमची कड आत वळली, टायरच्या भिंतीवर फुगा आला आणि दोन मिनिटांत हवा उतरली. दुसरं चाक बघितलं तर ते आतल्या बाजूने घासलेलं. ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते माप, जुळत नसल्यामुळे पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या अस्तराला लागत होता, आणि चिखल भरल्यावर तर तिथे जागाच उरली नव्हती. सुदैवाने कोणाला काही झालं नाही. हाच फुगा महामार्गावर आला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ केला.

गावी मंद्रूपला गेलो तेव्हा आमच्या अण्णांना वाकलेली रिम दाखवली. त्यांनी ती हातात धरून फिरवून बघितली आणि गोठ्याकडच्या जुन्या बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेकडे बोट केलं. म्हणाले, "हिची धाव केवढी हाय बघ. चार बोटंसुद्धा न्हाई. पाऊस पडल्यावर काळ्या रानात गाडी घालायचीच नसती. पण मुरमाच्या वाटंवर वरचा रेंदा कापून धाव खालच्या घट्ट जमिनीवर टेकती. रुंद चाक रेंद्यावरच तरंगतं." जागतिक रॅलीतल्या गाड्याही डांबरावर 18 इंची आणि मातीवर 15 इंची चाकं लावतात, आणि बर्फावर तर याच कारणाने टायर आणखी अरुंद असतो.

तुम्ही मातीवर उतरणार असाल तर आधी आपल्याच मॉडेलच्या स्वस्त आवृत्तीचं चाक बघा. स्विफ्टच्या खालच्या आवृत्तीला 165/80 आर 14 टायर येतो: व्यास 620, भिंत 132 मिलिमीटर, आणि चाक साधी लोखंडी डिस्क. लोखंड वाकलं तर ठोकून सरळ होतं. स्वस्त ओतीव अलॉयला अनेकदा तडा जातो. छोटं चाक कॅलिपरला लागत नाही ना, हे प्रत्यक्ष चढवून, हाताने फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. माझं 17 इंची चाक टायरसकट 19 किलो भरलं होतं, कंपनीचं 15. प्रत्येक चाकाला चार किलो जादा, आणि तेही स्प्रिंगच्या खाली. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना गाडी जड का वाटत होती, ते तेव्हा कळलं.

डांबरावरच्या शर्यतीला जायचं असेल तर 195/55 आर 16 चा विचार करा; व्यास 621 च्या आसपासच राहतो आणि भिंतीचे 107 मिलिमीटर हाताशी असतात. मात्र रिमची रुंदी त्या टायरला चालणारी हवी, ऑफसेट कंपनीच्या जवळचा हवा. तुमच्या गटात कोणता टायर चालतो, हे खरेदीच्या आधी नियमपुस्तिकेत वाचा.

टायरच्या भिंतीवरचे आकडे शेवटपर्यंत वाचा. 88 म्हणजे एका टायरवर 560 किलो, 84 म्हणजे 500. मी 84 घेतला होता, कंपनीचा होता 88. अंडाकृती चौकटीतले चार आकडे जन्मतारीख सांगतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. जुने टायर घेताना हे आकडे हमखास बघा. सोलापूरच्या उन्हात रबर लवकर कडक होतं, आणि नक्षी खोल दिसत असली तरी पकड गेलेली असते.

हवेबद्दल एकच सांगतो. पकड वाढवायला हवा कमी करतात, पण ठेंगण्या टायरमध्ये ती फार कमी केली तर वळणात टायर रिमवरून निसटतो. उंच भिंतीच्या टायरचीही हवा दोन-दोन पीएसआयनेच उतरवत जा, आणि परतीच्या रस्त्याला लागण्याआधी ती पुन्हा भरून घ्या.

आता शर्यतीला गाडीत चार लोखंडी डिस्क, एक पाना आणि हवेचा मीटर घेऊन जातो. मैदानावर पोचलो की गाडी उभी करून आधी सगळा मार्ग पायी फिरतो, चपलेच्या टाचेने माती उकरून बघतो. चाकं त्यानंतर चढवतो.