बोलताना पाऊल थांबतं

प्रश्न : आई ७६ वर्षांची आहे. चालताना काही विचारलं की जागीच थांबते, मग उत्तर देते. काळजीचं आहे का?

उत्तर : बरं झालं, हे तुमच्या लक्षात आलं. चालणं नुसतं पायांचं काम नाही. तोल आणि लक्ष मेंदूच सांभाळतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली नेमकं हेच मांडलं. ५८ वृद्धांपैकी १२ जण बोलणं सुरू होताच थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्यातले १० पडले. एवढ्यावरून स्मृतिभ्रंशाचा धसका घेऊ नका, पण आईंना डॉक्टरांना दाखवा. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, पायांतली ताकद, सगळं तपासून घ्या. जिना उतरताना त्यांच्याशी बोलू नका, फक्त हात धरा. चालणं मात्र बंद करू नका. ते बंद केल्यानं पाय आणखी कमजोर होतात.