टायमर कानाने निवडावा

स्वयंपाकघरासाठी डिजिटल टायमर घेताना आपण आकडे केवढे दिसतात, मागे चुंबक आहे का, किंमत किती, एवढं पाहतो. आवाज ऐकून बघणारे थोडे. आमच्याकडे असाच एक टायमर आला, फ्रिजच्या दारावर लागला आणि त्याच्यापायी माझ्या आईच्या स्मरणशक्तीवर शंका घेतली गेली. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. घरात साठी ओलांडलेलं कुणी स्वयंपाक करत असेल, तर त्यांनी आणि त्यांच्या मुलासुनांनी हे जरूर वाचावं.

कुकरला शिट्टी असताना टायमर हवाच कशाला, असं बरेच जण विचारतात. वरणभाताला नकोच. पण इडली, मोदक, कोथिंबीर वडी, अळूवडीचे उंडे हे सगळं शिट्टी काढून ठेवून वाफवायचं असतं. मग कुकर मुकाट्याने वाफ सोडत राहतो आणि वेळ झाली हे सांगणारं कुणी उरत नाही. इडलीला 10-12 मिनिटं लागतात, जाड उंड्यांना 20-25. वेळ टळली की तळाचं पाणी आटतं, बूड करपतं, झाकणाची रिंग खराब होते.

आईच्या हातून नेमकं हेच घडलं. उंडे वाफवायला ठेवून, टायमर लावून ती बाहेरच्या खोलीत मेथी निवडत बसली. जळका वास आला तेव्हा शेजारच्या काकू धावत आल्या. कुकरचं बूड काळंठिक्कर पडलेलं आणि उंड्यांना धुराचा वास. "वाजलाच नाही गं तो," आई म्हणाली. आम्ही टायमर लावून पाहिला, तर चांगला खणखणीत वाजला. पुन्हा एकदा असं झालं तेव्हा घरात 'विस्मरण' हा शब्द निघाला. मला तो पटेना. दूधवाल्याने महिन्यात कोणकोणत्या दिवशी खाडा केला हे कुठेही न लिहिता सांगणारी बाई टायमर तेवढा कसा विसरेल?

उलगडा एका सकाळी झाला. आई फ्रिजपासून दोन हातांवर उभी राहून कणीक मळत होती, एक्झॉस्ट फॅन चालू होता. टायमर वाजू लागला. आईचे हात होते त्याच लयीत चालत राहिले, मान वळली नाही. मिनिटभर वाजून तो आपोआप गप्प झाला, पडद्यावर नुसती शून्यं. एवढ्यात दाराची डिंगडाँग बेल वाजली आणि "बघ गं, कोण आलंय," असं माझ्याआधी तीच म्हणाली.

पुढे कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. ऑडिओग्राम म्हणजे श्रवणाचा आलेख. त्यात डावीकडे खालचे सूर आणि उजवीकडे वरचे सूर असतात. आईची रेघ डावीकडे ठीक होती, 2000 हर्ट्झच्या पुढे मात्र ती घाटातल्या रस्त्यासारखी उतरत गेली होती. उतारवयात ऐकू कमी येतं ते सगळ्याच सुरांना सारखं नसतं, आधी वरचे सूर जातात. म्हणून माणूस बोलणं ऐकतो, बेल ऐकतो आणि बारीक तीक्ष्ण बीप त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आई खरंच सांगत होती. तिच्यापुरता टायमर वाजलेलाच नव्हता.

हे टायमर सगळे तसेच का वाजतात, तर त्यांच्या आत पितळी चकतीवर बसवलेला सिरॅमिकचा पातळ थर असतो. विजेच्या इशाऱ्यावर चकती थरथरते आणि आवाज येतो. एवढ्याशा चकतीतून लहान सेलवर मोठा आवाज काढायचा, तर तो बहुधा 2 ते 4 किलोहर्ट्झच्या सुरातच निघतो. मोबाईलवर ध्वनीचा आलेख दाखवणारी अॅप मिळतात. आमच्या टायमरचं शिखर 4000च्या जरा वर दिसलं, म्हणजे आईची रेघ जिथे सगळ्यात खाली गेली होती तिथेच. त्यात आणखी एक अडचण असते. वरचे सूर भिंती आणि बंद दारं जास्त अडवतात, त्यामुळे शेजारच्या खोलीत ते निम्मेही पोचत नाहीत. अमेरिकेत आगीच्या भोंग्यांबाबत हा प्रश्न फार गांभीर्याने घेतला गेला. सुमारे 3100 हर्ट्झच्या नेहमीच्या भोंग्यापेक्षा 520 हर्ट्झचा खालचा सूर वृद्धांना आणि कमी ऐकू येणाऱ्यांना झोपेतून जास्त खात्रीने जागं करतो, असं प्रयोगांत दिसलं. त्यावरून तिथल्या एनएफपीए या संस्थेच्या नियमावलीने हॉटेलांसारख्या इमारतींतल्या झोपायच्या खोल्यांसाठी 2014 पासून तो सूर ठरवून दिला.

तेव्हा टायमर घ्यायला जाताना, तो ज्यांना वापरायचा आहे त्यांना बरोबर न्या. दुकानदाराला सेल घालून दाखवायला सांगा. टायमर त्यांच्या पाठीमागे, दहा-बारा पावलांवर धरून वाजवा. आपल्याला किती मोठा वाटतो याला अर्थ नाही, त्यांनी आपणहून मान वळवली पाहिजे. आवाज कमी-जास्त करायची सोय असते ती चांगलीच, पण जो सूर ऐकूच येत नाही तो मोठा करून फारसा उपयोग होत नाही. त्यापेक्षा सूर खालचा हवा, किंवा सोबत लखलखणारा दिवा हवा. चावी देऊन फिरवायचा जुना टायमर खऱ्या घंटेसारखा वाजतो, घंटेत अनेक सूर मिसळलेले असतात, त्यामुळे तो पुष्कळांना ऐकू येतो. पाच मिनिटांच्या आतल्या कामाला मात्र तो तितका नेमका नसतो. आईसाठी शेवटी गळ्यात अडकवायचा, थरथरणारा टायमर घेतला. ती अंगणात गेली तरी तो बरोबर जातो, आणि माझ्या मते ज्येष्ठांसाठी हाच सगळ्यात भरवशाचा प्रकार आहे.

वाजून किती वेळात गप्प होतो तेही दुकानातच बघा. पुष्कळ टायमर मिनिटभरात थांबतात. शून्यानंतर उलट दिशेने पुढे मोजत राहणारा मिळाला तर तोच घ्या, म्हणजे उशीर झाला तरी किती झाला ते कळतं. बहुतेकांची मजल 99 मिनिटं 59 सेकंदांपर्यंत असते. राजमा भिजवायला किंवा दही लावायला त्याचा उपयोग नाही, त्यासाठी तासांचा खण असलेला पाहावा. बटणं मोठी आणि मिनिट-सेकंदांची वेगळी असावीत, कणकेच्या बोटांनी दाबता आली पाहिजेत.

सेलबद्दल एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. पडद्याला वीज नाममात्र लागते, आवाजाला त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे सेल उतरू लागला की आकडे ठळक दिसत राहतात आणि आवाज आधी बसतो. आकडे दिसतात म्हणून सेल चांगला आहे असं धरू नका, आवाज पडल्यासारखा वाटला की बदला. घरात लहान मूल असेल तर चपट्या नाण्यासारखा सेल लागणारा टायमर टाळावा, आणि असलाच तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. 20 मिलिमीटरचा तो सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून भाजल्यासारखी गंभीर जखम होऊ शकते. अशा वेळी उलटी करवू नका, तडक रुग्णालय गाठा.

टायमर फ्रिजला किंवा भिंतीला लावा, शेगडीच्या वर नको. वाफेने आणि उष्णतेने पडदा काळा पडतो. काचेच्या दाराच्या फ्रिजवर चुंबक धरत नाही आणि काही स्टीलच्या दारांवरही नाही.

टायमर गॅस बंद करत नाही, हेही लक्षात असू द्या. ज्यांना खरोखरच विसरायला होतं, त्यांच्यासाठी वेळ संपताच आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी बरी. तिच्यावर ॲल्युमिनियमचा साधा कुकर चालत नाही, चुंबक चिकटेल अशा बुडाचा लागतो.

आणि घरातलं कुणी "वाजलाच नाही" म्हणालं, तर कुणी काही विसरलं असं ठरवण्याआधी श्रवणाची तपासणी करून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून याच कामात आहे. इतर गावांत कान-नाक-घशाच्या बऱ्याच डॉक्टरांकडे किंवा ऑडिओलॉजिस्टकडे हा आलेख काढून मिळतो. सुई नाही, वेदना नाही. कानाला हेडफोन लावून बसायचं आणि ऐकू आलं की बटण दाबायचं. आलेखाची प्रत मागून घ्या आणि टायमर घ्यायला जाताना बरोबर ठेवा.