चॅपलला जावं की नाही?

सई, अमेरिकेतून स्कॉलरशिपचं एवढं छान पत्र आलं आणि तू फोनवर कुजबुजत विचारतेस, "ताई, ख्रिश्चन कॉलेज म्हणजे आपल्या झेवियर्ससारखंच ना?" नाही गं. झेवियर्स, विल्सन यांना आपण भिंतीवरच्या क्रुसासकट आपलं मानलंय, कारण तिथे तुमच्या-आमच्या श्रद्धेची चौकशी कुणी करत नाही. त्यामागे कायदाही आहे. राज्यघटनेच्या २८व्या कलमानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीवाचून प्रार्थनेला बसवता येत नाही. अमेरिकेतल्या खासगी कॉलेजांना असं बंधन नाही. शिकागोजवळच्या व्हीटनमध्ये चॅपलची, म्हणजे कॉलेजातल्या प्रार्थनासभेची, हजेरी लागते आणि वागण्या-राहण्याच्या करारावर सहीसुद्धा करावी लागते. ग्रँड रॅपिड्सच्या कॅल्विनमध्ये चॅपल ऐच्छिक. माझं मिनेसोटातलं कॉलेज लुथरन, नॉर्वेहून आलेल्या लोकांनी काढलेलं. तिथेही सक्ती नव्हती, पण धर्म या विषयाचे कोर्स घ्यावेच लागायचे. तेव्हा 'होय' कळवायच्या आधी त्यांना सरळ मेल कर: चॅपल सक्तीचं आहे का, सही कशावर करायची, आणि सुटीत हॉस्टेल बंद झालं तर राहायचं कुठे. विचारायला लाजू नकोस. असे प्रश्न त्यांना नवे नाहीत.

चॅपलला जा, असंच मी सांगेन. वीस-पंचवीस मिनिटांचा तर मामला. कॉयर ऐकायला म्हणून जा हवं तर, लुथरन लोक गातात फार सुरेख. प्रभुभोजनाच्या वेळी सगळे रांगेने पुढे जातात. बाप्तिस्मा न झालेल्यांनी जागेवर बसून राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. पुढे गेलीसच तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धर, मग पाद्री ब्रेड न देता नुसता आशीर्वाद देतात. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस काढतात. तू मातीची आहेस आणि मातीलाच मिळणार, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतात. अंगारा लावून वाढलेल्या आपल्याला राखेचं काही वाटत नाही, पण वीस वर्षांच्या मुलीला भर दुपारी कुणी मरणाची आठवण करून देतं, ते मात्र आत जातं. लावायची की नाही ते तुझं तू ठरव. मी एका वर्षी लावली, पुढच्या वर्षी नाही.

खरी परीक्षा रात्री हॉस्टेलच्या खोलीत होते. रूममेट अगदी प्रेमाने विचारते, "तू काय मानतेस?" आपल्या घरात हा प्रश्न कधी कुणी विचारलाय का? घट बसतात, अथर्वशीर्षाची आवर्तनं होतात, कुलदैवताला जाऊन यायचं असतं. तुझा विश्वास आहे का, असं आजीने विचारलं नाही आणि आपणही सांगितलं नाही. मग आपली मुलं तिथे दोनपैकी एक करतात. काही जण रात्रभर वाचून दुसऱ्या दिवशी वेदान्तावर व्याख्यान ठोकतात, अख्ख्या हिंदू धर्माचे वकील असल्यासारखे. बाकीचे 'सगळे धर्म सारखेच' म्हणून मोकळे होतात. हे दुसरं आपल्याला मोठ्या मनाचं वाटतं, पण ऐकणारीला ते दार लावून घेतल्यासारखं वाटतं. तिच्यासाठी ते सारखे नसतातच ना. तू आपलं जसं आहे तसं सांग: आमच्या घरी हे-हे करतात, त्यातलं मी काय मानते ते अजून ठरायचंय. आणि मग तिलाही विचार. सगळं ठरलेलं दिसणाऱ्या कितीतरी मुली मध्यरात्रीनंतर वेगळंच बोलतात.

धर्माच्या कोर्सला घाबरू नकोस. मार्क श्रद्धेला नसतात, मांडणीला असतात. आम्हाला बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक होतं. सगळं गमावलेला हा माणूस देवाला जाब विचारतो. मी निबंधात विठोबाशी भांडणारी जनाबाई आणली, तर प्राध्यापकांनी वर्गात तिच्याबद्दल इतके प्रश्न विचारले की मला घरी फोन करून गाथा मागवावी लागली. पुण्यात असताना मी ती कधी उघडलीही नव्हती!

चर्चमधल्या कुटुंबांबद्दल काका साशंक आहेत, माहितीये मला. त्यांची भीती अगदीच खोटी नाही. पहिल्या हिवाळ्यात माणूस एकटं पडतं, आणि तेव्हाच कुणीतरी कोट आणून देतं, जेवायला बोलावतं, जाताजाता 'तुझ्यासाठी प्रार्थना करते' म्हणतं. माया खरी असते, आणि तू त्यांच्यात यावंस ही इच्छाही खरी असते. माझी खूण सोपी होती. चर्चला येत नाही म्हटल्यावरही ज्यांचं जेवणाचं बोलावणं येत राहिलं, त्या घरांशी मी आजही बोलते. एक मात्र लक्षात ठेव. चर्चच्या जेवणात थरथरणारं रंगीत जेलो असतं, तेही चक्क सॅलड म्हणून! जेलोत आणि मार्शमेलोतही जिलेटिन असतं, जनावराच्या हाडा-कातड्याचं. 'हॉटडिश' नावाचा तिथला भाजलेला पदार्थ शाकाहारी दिसला तरी खाली बहुधा खिमा असतो. आधी विचार, मग वाढून घे.

बाटण्याची धास्ती घेतलेल्या मावशीला आनंदीबाई जोशींचं उदाहरण द्यायला फार आवडतं. अमेरिकेला हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी १८८३मध्ये श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरच्या, भाषणात सांगितलं होतं आणि तसंच केलं. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, ते मावशी गाळते. मला विचारशील तर तुला रमाबाई जास्त उपयोगी पडतील. पुढे त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून केवढा वाद! येशूचं देवत्व, चर्चचा अधिकार, स्वतःचं शाकाहारी जेवण, कशावरही गप्प बसल्या नाहीत. एका पुरोहितशाहीचं जू उतरवून दुसरीचं घेणार नाही, असं ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी सिस्टरना ठणकावून कळवलं. ती पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७मध्ये छापली. इंग्रजीत आहेत, जायच्या आधी मिळाली तर वाच. आणि गंमत म्हणजे १८८६च्या मार्चमध्ये आनंदीबाईंना डॉक्टरकीची पदवी मिळाली, तेव्हा टाळ्या वाजवायला रमाबाई फिलाडेल्फियात हजर होत्या.

राहता राहिली काकू. चॅपलचं तिला तूच सांग, आणि निघायच्या आधी सांग. उद्या कुणाच्या तरी फोटोत तुझ्या कपाळावरचा क्रूस दिसला, तर पहिला फोन मला येईल. रविवारी मी तिच्याशी बोलणारच आहे, त्याआधी तुझं बोलून होऊ दे.